फळीवर वंदना : सहा वर्षांच्या ओंकारने सांगितलेली गोष्ट (मतं हवी आहेत)

रानजाई

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं लहान मुलाच्या तोंडून गोष्टी लिहायचा प्रयत्न करते आहे. त्या वाचून हसू यावं असं मला वाटतं, पण मुलाने स्वतः एकही विनोद करायचा नाही ही माझी अट आहे. सहा वर्षांचं मूल विनोद करत नसतं. ते आपल्या परीने जगाचा हिशेब लावत असतं, आणि तो हिशेब इतका चोख असतो की ऐकणाऱ्याला हसू फुटतं.

ही गोष्ट कुडाळजवळच्या एका गावातल्या गणपतीची. सांगणारा ओंकार, पहिलीत, राहणार डोंबिवली. जिथे ओंकार गप्प होऊन मीच बोलायला लागले असं वाटेल, ती जागा नक्की दाखवा.

*

आम्ही गणपतीला गावाला जातो. त्याच्यासाठी बाबा खूप दिवस आधी सकाळी आठ वाजता मोबाईल घेऊन बसतात आणि आठ वाजून एक मिनिटाने म्हणतात, गेली. मग आम्ही वेटिंग होतो. या वर्षी बाबा वेटिंग ४१ होते, आई ४२ आणि मी ४३. शाळेत माझा नंबर १७ आहे.

मग एक दिवस आम्ही पक्के झालो आणि आईने बाबांना टाळी दिली.

गाडीत तनूताई होती. ती मोठ्या काकांची मुलगी. ती चौथीत आहे म्हणून तिला सगळं येतं. ती म्हणाली, बोगदा आला की श्वास धरायचा आणि बोगदा संपेपर्यंत सोडायचा नाही, मग जे मागशील ते मिळतं. पहिल्या सगळ्या बोगद्यांना मी धरला. मग रत्नागिरीच्या आधी एक बोगदा आला तो संपेचना. मी धरला, धरला, धरला, आणि आईने माझं तोंड बघून पाठीत धपाटा घातला. श्वास सुटला. तेव्हा मी कंपासपेटी मागत होतो. म्हणून कंपासपेटी अजून मिळाली नाही, आणि ती आईची चूक आहे.

गावच्या घरी गणपतीच्या डोक्यावर भाजी टांगतात. तिला माटवी म्हणतात. नारळ असतो, काकडी असते, सुपारी असते, कवंडाळ असतं. कवंडाळ लाल आणि गोल असतं पण ते खायचं नसतं. मी आबाकाकांना विचारलं, मग टांगलं कशाला? ते म्हणाले, ‘‘देवाक दाखवूक.’’ मला गणपतीचं वाईट वाटलं. मला पण आई दुकानातली खेळणी नुसतीच दाखवते.

संध्याकाळी आरती असते. मला आरती सगळी पाठ आहे. आरतीत काय काय करायचं ते सांगितलेलं असतं. आधी ओटी शेंदुराची. आजी बायकांची ओटी तांदळाने भरते, पण गणपतीची शेंदराने भरतात. मग फळीवर वंदना येतं. तेव्हा सगळे गणपतीकडेच बघत असतात. फळीकडे कुणी बघत नाही. फळी स्वयंपाकघराच्या दाराच्या वर आहे आणि तिच्यावर आजीचा निळा डबा असतो. मी एकटाच मागे वळतो आणि फळीला वंदना करतो. कुणीतरी करायला पाहिजे.

मग येतं दास रामाचा वाट पाहे सदना. ते म्हटलं आणि माझ्या पोटात कसंतरी झालं. कारण आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगचं नाव श्रीराम सदन आहे. रामाचा दास म्हणजे मारुती. तो तिथे वाट बघतोय आणि आम्ही सगळे इथे. मी आबाकाकांचा सदरा ओढला आणि सांगितलं, आम्ही तर कुलूप लावून आलोय. ते म्हणाले, ‘‘खंय?’’ मी म्हणालो, सदनाला. पण किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे, त्या उघडतील. आबाकाकांनी झांज थांबवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘मगे बरा झाला.’’ आणि परत वाजवायला लागले. आबाकाकांना एकदा सांगितलं की कळतं.

आरती झाली की गाऱ्हाणं असतं. आबाकाका हात जोडून मोठ्याने बोलतात आणि सगळे म्हणतात व्हय म्हाराजा. ‘‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा.’’ व्हय म्हाराजा! ‘‘नोकरीधंद्याक यश दी रे म्हाराजा.’’ व्हय म्हाराजा! ‘‘काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा.’’ व्हय म्हाराजा!

तेव्हा मला कळलं की गणपतीचं पोट एवढं मोठं का. त्याच्यात सगळ्या गावाच्या चुका आहेत. मला बरं वाटलं, कारण दुपारी मी नैवेद्याच्या आधी एक मोदक खाल्ला होता. मोदक माझ्या पोटात गेला आणि चूक गणपतीच्या.

आणखी एक कळलं. काहीही बोललं तरी सगळे व्हयच म्हणतात. कुणी बघू म्हणत नाही. कुणी पुढच्या महिन्यात म्हणत नाही. बाबासुद्धा व्हय म्हणत होते. बाबा घरी पहिल्यांदा कधीच व्हय म्हणत नाहीत.

मग आबाकाका श्वास घ्यायला थांबले आणि मी हात जोडले. मी म्हणालो, बा देवा म्हाराजा, तनूताईची दाढ दुखते ती बरी कर रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! मी मोदक आधी खाल्ला ते पोटात घाल रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! पण आजी व्हय म्हणाली नाही, तिने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी वातावरण एकदम गंभीर झालं. आणि फळी खूप वर आहे ती खाली आण रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! सगळ्यात मोठा आवाज आबाकाकांचा. मी कंपासपेटी पण मागणार होतो, पण तेवढ्यात प्रसाद आला.

सकाळी ठकठक आवाज आला म्हणून मी उठलो. आबाकाका स्टुलावर चढून फळीचे खिळे काढत होते. आजीने विचारलं, ‘‘ह्या काय करतंस रे?’’ ते म्हणाले, ‘‘देवासमोर व्हय म्हटलंय, आये.’’

आता फळी माझ्या पोटाएवढी आहे. वंदना करायला मला खाली वाकावं लागतं. आणि निळा डबा आजीने कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप आहे. कपाटाचं आरतीत काहीच नाही. मी सगळी परत म्हणून बघितली.

*

माडाखाली

रानजाईताई, ‘मगे बरा झाला’ वाचलं आणि माझे थोरले काका डोळ्यांसमोर आले. पोरांच्या बोलण्याला ते असंच उत्तर द्यायचे, मोठ्या माणसाला देतात तसं. एक सुचवू? आबाकाका काकडीला काकडी म्हणणार नाहीत, ‘तवसा’ म्हणतील. ओंकार डोंबिवलीचा आहे, त्याला वाटेल ही काहीतरी वेगळीच भाजी आहे. मी मुंबईहून जायचो तेव्हा दोन वर्षं तवसं आणि काकडी वेगळ्या समजत होतो आणि मला तवसंच जास्त आवडायचं.

माटवीचं वर्णन अजून हवं होतं. आंब्याचे टाळ, सुपारीचं शिपटं, रानातून आणलेली फुलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकांबरोबर रानात कवंडाळं शोधायला जाणं हा आमचा खरा सण. उंच झाडावर चढलेल्या वेलीला ती लाल फळं लटकलेली दिसली की आधी कोण ओरडतो यावरून मारामारी व्हायची.

शेवंती

आमच्या गोव्यात माटोळी. आमच्याकडे तिच्या स्पर्धासुद्धा भरतात. ‘गणपतीच्या डोक्यावर भाजी टांगतात’ हे वाक्य मी घरात तीन वेळा वाचून दाखवलं.

अनुस्वार

गोष्ट फार आवडली, आणि आरतीचे मूळ शब्द इथे असावेत असं वाटलं म्हणून लिहितो. ‘उटी शेंदुराची’ असं आहे. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप. तिसऱ्या कडव्यात ‘लंबोदर पीतांबर फणिवर बंधना’. फणी म्हणजे फणा असलेला तो नाग, फणिवर म्हणजे नागांमधला श्रेष्ठ. पोटाला नाग बांधलेला असा तो गणपती. आता आजच्या मुलाला फणी म्हटलं की केस विंचरायची फणी आठवणार, तीही आजीच्या घरी असली तर. ‘बंधना’चं ‘वंदना’ होतं त्यालाही कारण आहे. कडवं संपतं ते ‘सुरवर वंदना’ने, आणि जीभ तिथे आधीच जाऊन बसलेली असते. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ तर मोठी माणसंही म्हणतात, कारण गणपती म्हटलं की संकष्टी आलीच.

‘दास रामाचा’ ही समर्थ रामदासांची नाममुद्रा आहे. स्वतः कवीच वाट पाहतो आहे. ओंकारने तिथे मारुतीला उभं केलं आणि शेजारच्या काकूंना दार उघडायला लावलं. ‘लंबोदर’चा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नाही, तरी पोट मोठं का याचं कारण त्याने गाऱ्हाण्यातून शोधून काढलं. मूल चुकीचं ऐकतं तेव्हा अर्थ नसलेला शब्द टाकून अर्थ असलेला शब्द घेतं. त्याला शब्द पोकळ चालत नाही. आपण मोठे मात्र पन्नास वर्षं ‘फणिवर’ म्हणतो आणि त्याचा अर्थ विचारत नाही.

रुळावरून

रत्नागिरीच्या आधीचा तो बोगदा म्हणजे करबुडे. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधे, लांबी साडेसहा किलोमीटर. गाडी ताशी ७५ ने गेली तरी पाच मिनिटांच्या वर लागतात, आणि गणपतीत पावसाळी वेळापत्रक असतं म्हणजे वेग आणखी कमी. आईचा धपाटा अगदी वेळेवर पडला. तनूताईला हे माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्न मला रात्रभर पुरला.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. अकरा वर्षं झाली. तुम्ही जागा दाखवायला सांगितली आहे म्हणून स्पष्ट लिहिते. ‘त्या क्षणी वातावरण एकदम गंभीर झालं’ हे ओंकारचं वाक्य नाही. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला वातावरण माहीत नाही, त्यांना पाऊस आणि ऊन माहीत आहे. ते सांगतील, ‘सगळे गप्प झाले आणि पंख्याचा आवाज आला.’

बाकी ठिकाणी तुमचा कान चांगला आहे. ‘मग’ आणि ‘म्हणून’ यांच्यावर पहिलीतल्या मुलाची सगळी गोष्ट उभी असते, आणि त्यातही ‘म्हणून’ फार महत्त्वाचं. ‘ती चौथीत आहे म्हणून तिला सगळं येतं.’ हे म्हणून आपल्याला हसवतं, कारण आपण तिथे म्हणून लावत नाही.

एक गोष्ट सांगते. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोग डी.एड.ला शिकलो होतो. बुटक्या भांड्यातलं पाणी मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त झालं का? सहा-सात वर्षांखालची पुष्कळ मुलं म्हणतात, हो, जास्त झालं. मी वर्गात करून बघितला. एका मुलीने दोन्ही भांड्यांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘बाई, पाणी तेवढंच आहे, पण आता ते उभं राहिलंय.’’ मला हसू आलं नाही, मी तिच्याकडे बघतच राहिले. घरी येऊन ते वहीत लिहून ठेवलं. अशा वाक्यांची माझी एक वहीच आहे. मुलाच्या तोंडून लिहिणाऱ्याने अशी वही ठेवावी, कारण हे आपल्याला बसल्या जागी सुचत नाही.

जुनं पान

या प्रकारात मराठीत लंपनचं उदाहरण समोर आहे. प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ ते ‘झुंबर’ असे चार संग्रह. तिथे मुलगाच ‘मी’ म्हणून बोलतो, आणि त्याच्या बोलण्यात बेळगावकडच्या मुलखातलं कानडी सहज मिसळलेलं असतं. म्हणजे मुलाचा आवाज नुसत्या वयातून येत नाही, गावातूनही येतो. ओंकारचा आवाज मला डोंबिवलीचा वाटला आणि आबाकाकांचा कुडाळचा. हे जमलंय. फक्त पुढच्या गोष्टींत मोठ्या ओंकारला आत येऊ देऊ नका. ‘तेव्हा मला काय ठाऊक होतं’ असं एकदा जरी लिहिलं की सहा वर्षांचा ओंकार निघून जातो.

काठावरची

मी जरा वेगळं लिहिणार आहे. माझा धाकटा भाऊ लहानपणी ‘दर्शनमात्रे मनकामना पुरती’च्या जागी ‘दर्शनमात्रे मामा ना पुरती’ म्हणायचा. आम्हाला तीन मामा. मामा आले की त्यांचं दर्शन पुरत नाही, ते लगेच जातात, असा त्याचा अर्थ होता. त्याला खरंच तसं वाटायचं. दरवर्षी आम्ही मामांना निरोप द्यायला एसटी स्टँडवर जायचो आणि तो रडायचा.

मग हे घरात सगळ्यांना कळलं. पाहुणे आले की त्याला पुढे उभं करायचे, ‘‘म्हण रे, मामा ना पुरती म्हण.’’ तो म्हणायचा, सगळे हसायचे, कुणी गाल ओढायचं. तिसऱ्या वर्षी तो आरतीच्या वेळी गच्चीवर जाऊन बसला. आज तो चाळीस वर्षांचा आहे आणि अजून आरतीला टाळ्या वाजवतो, तोंड उघडत नाही.

मुलांच्या तोंडची विनोदी गोष्ट दिसली की मला तो गच्चीवर दिसतो. कितीतरी लेखनात मुलाचं बोबडं बोलणं ‘लेलगाली’, ‘तॉफी’ असं छापतात आणि वाचणाऱ्याने हसावं अशी अपेक्षा असते. मला ते पाहुण्यांसमोर उभं करणंच वाटतं. रानजाई, तुमच्या गोष्टीत ओंकारला एकही माणूस हसत नाही. आजी नुसती बघते. आबाकाका विचार करतात. सगळी गोष्ट मी श्वास धरून वाचली, कुणीतरी आता ‘अगो ऐकलास काय, फळीवर वंदना’ म्हणून हसेल या भीतीने. कुणी हसलं नाही. फळी खाली आली.

रानजाई

काठावरची, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पहिल्या खर्ड्यात आई ओंकारला सगळ्यांसमोर विचारते, ‘‘तू फळीवर वंदना म्हणतोस?’’ आणि घरभर हशा होतो. तेव्हा ते वाचताना कुठेतरी अडत होतं पण कळत नव्हतं. आठ दिवस पान तसंच पडून होतं. मग आबाकाकांच्या हातात हातोडी दिली आणि गोष्ट आपोआप सरळ झाली. तुमच्या भावासाठी एक विचारते, चालेल तर सांगा. ‘मामा ना पुरती’ मी पुढच्या गोष्टीत घेऊ का? त्यात तीनही मामा एक दिवस जास्त राहतील.

पाटीपेन्सिल, वातावरण गेलं. पंख्याचा आवाज आला. इथे मूळ वाक्य तसंच ठेवते, नाहीतर पुढच्यांना तुमचा मुद्दा कळणार नाही, पण माझ्या वहीत बदललं आहे. ‘आता ते उभं राहिलंय’ हे मी घेणार नाही. ते त्या मुलीचं आहे.

माडाखाली, तवसं आणि काकडी दोन्ही टांगते.

काठावरची

भावाला विचारलं. तो म्हणाला, घे म्हणावं. आणि म्हणाला, धाकट्या मामाला दोन दिवस ठेव.

ऋतुरंग

काल रात्री ही गोष्ट माझ्या मुलीला वाचून दाखवली. पाच वर्षं पूर्ण, सहावं चालू. माझ्या हसण्याच्या जागा वेगळ्या आणि तिच्या वेगळ्या. मोदक माझ्या पोटात आणि चूक गणपतीच्या, इथे मी थांबले, तर तिने नुसती मान हलवली. तिला ते बरोबर वाटलं. फळीला वंदना करतो तिथेही हसली नाही, ‘‘शहाणा आहे’’ म्हणाली. हसली कुठे, तर वेटिंग ४३ ला. शाळेत १७ आणि गाडीत ४३, हे तिला इतकं गमतीचं वाटलं की उशीत तोंड खुपसून हसत होती. का, ते मला अजून कळलेलं नाही.

गोष्ट संपल्यावर तिने दोन प्रश्न विचारले आहेत, लेखिकेला विचार म्हणून सांगितलंय. एक, निळ्या डब्यात काय होतं? दोन, परतीच्या गाडीत तो मोठा बोगदा पुन्हा लागेल ना, मग तेव्हा आई कुठे बसणार आहे?

रानजाई

तिला सांगा, डब्यात खाजं आहे, गुळाचं, आल्याच्या वासाचं, जत्रेतून आणलेलं. आणि परतताना ओंकारने आईला पलीकडच्या खिडकीची जागा दिली आहे. स्वतःहून दिली. आईला वाटलं मुलगा मोठा झाला.